घोटभर शांतता

३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. नमस्कार आधीच घालून ठेवते. पत्र संपेपर्यंत तो घालायची इच्छा उरेल याची खात्री नाही.

तुझी ती सूचना आमच्या गावातही नीट ऐकू येते. सकाळी दुकान उघडून रेडिओ लावते, तर बातम्यांच्या आधी तूच हजर. आरशात बघून हसा, तोंड एका बाजूला झुकतंय का बघा. दोन्ही हात वर धरा, एखादा आपोआप खाली येतोय का बघा. साधंसं वाक्य बोला, जीभ अडखळतेय का बघा. यातलं काहीही दिसलं तर पडून राहू नका, तडक दवाखाना गाठा. माझ्याकडे फोटोफ्रेमच्या काचा कापायला जी बाई आहे, आमची काचवाली, तिला हे सगळं तोंडपाठ झालंय. परवा एक म्हातारे गृहस्थ फोटो घेऊन आले, तर तिने त्यांनाच आधी हसायला लावलं आणि हात वर करायला सांगितले. ते बिचारे आपल्यालाच कुणी लुटतंय असं समजून घाबरले.

ऐकताना मला बाबा आठवतात, तुलाही आठवत असतीलच. जेवताना त्यांच्या तोंडातून घास सांडला, बोलणं जड झालं, आणि आपल्या सगळ्यांना वाटलं की दमलेत, झोपले की बरं वाटेल. सकाळी उठले ते आवाज घालवूनच. मग शेवटपर्यंत पाटी आणि खडू. तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर, असं प्रत्येक वेळी मनात येतं. म्हणून तू ही सूचना मागून घेतलीस याचा मला अभिमान आहे, हे एकदा लिहून टाकते.

आता रागाचं. मागच्या वेळी तुझ्याकडे आले तेव्हा तुझ्या कोटाच्या खिशात सिगरेटचं पाकीट होतं आणि स्टुडिओतल्या खणात खारे दाणे, तेही बरणी भरून. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी तुला ब्लड प्रेशरची गोळी दिली होती. ती घेतोस का? सरळ उत्तर दे, निवेदकाचं नको.

माझं बरं चाललंय. संध्याकाळी डोकं जड होतं आणि मान धरते, पण दिवसभर वाकून फ्रेमचे कोपरे जुळवायचे म्हणजे तेवढं होणारच. वहिनीला नमस्कार सांग.

लोभ आहेच, तो वाढू दे. वजन मात्र आहे तेवढंच राहू दे.

तुझी
बारकी

११ फेब्रुवारी

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद. नमस्कार पोचला, टोमणेही पोचले, वाटेत काही गहाळ झालं नाही.

तुझी वहिनी म्हणते की बहिणीला फोन करायचा सोडून पत्रं काय लिहीत बसता. तिला किती वेळा सांगितलं, दिवसभर मायक्रोफोनपुढे बोलून आलेल्या माणसाला घरच्यांशी तरी न बोलता बोलू दे. तुझ्या पत्राला उत्तर लिहिताना माझ्या घशाला सुट्टी असते.

तर आता सरळ उत्तर. मेंदूच्या झटक्याबद्दल तू मला सांगावंस, म्हणजे कमाल झाली. या विषयावर दोन दोन मेंदूच्या डॉक्टरांच्या मुलाखती घेतल्यात मी. कोणत्या बाजूचा मेंदू कोणता हात हलवतो ते मला झोपेत विचार. हृदय आणि मेंदू सारख्याच गोष्टींनी बिघडतात, रक्तदाब, साखर, धूर, मीठ आणि बसून राहणं, हे आख्ख्या शहराला मी सांगितलंय. परीक्षा घेतली तर पहिला येईन. इतकं माहीत असलेल्या माणसाची काळजी करण्यात तू तुझा लाकडाचा भुसा वाया घालवू नकोस.

खाऱ्या दाण्यांचं म्हणशील तर दोन बातमीपत्रांच्या मध्ये जेवायला वेळ कुणाला आहे? सिगरेटने आवाजाला खर्ज येतो, हे तू लहानपणापासून ऐकत आली आहेस. चालायचं म्हणशील तर लिफ्टपर्यंत मी चालतच जातो. गोळ्यांचं चाललंय.

आमच्या धंद्यात एकच पाप आहे, ते म्हणजे हवेला भोक पाडणं. रेडिओ चालू आहे आणि काहीच ऐकू येत नाही, अशी शांतता. मला ज्यांनी शिकवलं ते म्हणायचे, चुकीचं वाचलंस तर लोक हसतील, पण गप्प बसलास तर लोकांना वाटेल केंद्राला आग लागली. इतक्या वर्षांत माझ्या हातून हवेला एकदाही भोक पडलं नाही. ज्याचं काम इतकं चोख आहे त्याची तब्येत बिघडेल कशी, हे मला सांग.

एक मागची दाढ तेवढी ठणकते आहे. दाणे सध्या दुसऱ्या बाजूने खातो.

मान धरते तर उंच टेबल करून घे. लोभ ठेव, आणि उपदेश दुकानातच ठेव.

तुझा
दादा

२६ फेब्रुवारी

चि. बारकीस,

आशीर्वाद आहेत, पण आज हात राखून.

तू काय करून ठेवलंस ते नीट समजून घे, म्हणजे पुन्हा करणार नाहीस. मंगळवारी सकाळी मी ती दाढ काढून घेतली. इंजेक्शनने अर्धा चेहरा बधिर झाला होता, गाल शेजाऱ्याचा असल्यासारखा वाटत होता. शहाणा माणूस घरी गेला असता. पण दुपारच्या बातम्या वाचणारी मुलगी रजेवर होती. मी नाही वाचल्या तर वाचणार कोण? म्हणून बसलो. माझ्या कानाला सगळं ठीक वाटत होतं. पहिली बातमी पार पडली. दुसरीत पाणीपुरवठा विभागाने दगा दिला, शब्द ओठावरून घसरून खाली पडायला लागले. काचेपलीकडून तंत्रज्ञ माझ्याकडे बघायला लागला. मी हातानेच सांगितलं, सगळं ठीक आहे. त्याला नंतर विचारलं की तुला शंका आली होती का, तर म्हणाला, आली होती, पण साहेबांना सगळी लक्षणं माहीत आहेत, काही असतं तर त्यांनीच सांगितलं असतं असं वाटलं.

तेवढ्यात तुझा फोन. तू काय सांगितलंस देव जाणे. आमच्या केंद्रप्रमुखबाई चपला न घालता धावत आल्या, माझं बातमीपत्र मध्येच तोडून गाणं लावलं आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. दाढेचं समजावून सांगायला गेलो, तर जितकं समजावतोय तितकं बोलणं जास्तच बिघडतंय. त्या म्हणाल्या, हसून दाखवा. मी हसलो, म्हणजे माझा अर्धाच भाग हसला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मला चाकाच्या खुर्चीत बसवून, पट्टा बांधून, सगळ्या कचेरीच्या देखत खाली नेलं. ॲम्ब्युलन्समध्ये रेडिओ चालू होता, आणि त्यावर काय लागलं असेल? माझीच सूचना. सोबतच्या माणसाने अतिशय आदराने मला सांगितलं की आता त्यात म्हणतात तसे दोन्ही हात वर करा. मी दोन्ही हात वर केले ते हात जोडायला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला लावलं आणि आतला कापसाचा बोळा बघितला. मग तिथल्या सगळ्यांची जी हसून मुरकुंडी वळली, ती अजून शहरभर चालू आहे. दूधवालासुद्धा सकाळी मला हसून दाखवा म्हणतो.

तू फ्रेमा कर. निदानं करू नकोस. इतकी वर्षं कमावलेलं नाव एका फोनने धुळीला मिळालं. मी आज चिडलोय आणि बराच वेळ चिडलेला राहणार आहे.

आलोच आहे म्हणून त्यांनी उगाच ब्लड प्रेशर वगैरे मोजलं, कागद दिले. ते सोड. दाढेची जागा भरत आली आहे.

लोभ आहे, पण सध्या तो फोनपासून लांब ठेव.

तुझा
दादा

१ मार्च

प्रिय वन्सं,

सप्रेम नमस्कार, आणि या वेळचा खरोखर मनापासूनचा.

यांनी तुम्हाला रागाचं पत्र लिहिलं ते मीच पेटीत टाकलं. त्यात काय लिहिलंय ते मला माहीत आहे आणि काय लिहिलेलं नाही तेही. म्हणून हे लिहिते आहे. यांना सांगितलेलं नाही.

दाढेचं कळल्यावर सगळे हसले, मीही हसले, जीव भांड्यात पडला होता ना. मग घरी सोडण्याआधी नर्सने सहज म्हणून प्रेशर मोजलं. तिला वाटलं यंत्रच बिघडलंय. तिने दुसरं आणलं. मग तिचं हसू गेलं आणि ती डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेली. त्यांनी यांना दोन दिवस ठेवून घेतलं. हे दोन दिवस यांच्या पत्रात आहेत का? नसणार. हृदयाची इको काढली, त्यात हृदयाची भिंत जाड झालेली दिसली. बाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं जोर लावून लावून हृदय थकलंय. तुमच्या नणंदबाईंना ज्याची भीती वाटली ते मंगळवारी आलं नव्हतं, पण ते निघालेलं होतं. कधी पोचलं असतं ते मला सांगता येणार नाही.

गोळ्यांचं विचारलं तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. वन्सं, मला हे म्हणायचे की गोळी स्टुडिओत घेतो, आणि स्टुडिओत सांगायचे की घरी घेतो. दोन्हीकडे आम्ही समाधानात. पण गोळी कुठेच नव्हती, दोन वर्षं.

डॉक्टरीणबाईंनी रागावून नाही, नुसतं विचारलं की का. भिंतीकडे बघतच हे म्हणाले की त्या गोळीने खोकला यायचा. कोरडा, आवरता न येणारा. बातम्या वाचताना खोकला आला तर काय करायचं, म्हणून बंद केली. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, अहो, या गोळीने काही जणांना खोकला येतोच, आम्ही लगेच दुसऱ्या प्रकारची देतो. एक फोन करून सांगायचं होतं. बस, एवढंच.

दोन मेंदूच्या डॉक्टरांना तासभर प्रश्न विचारणारा माणूस, आणि आपला स्वतःचा एक प्रश्न विचारायचा राहून गेला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

तुम्ही केलेल्या फोनबद्दल मनाला लावून घेऊ नका. हे चिडलेत ते घाबरलेत म्हणून. काल दुपारी मला विचारत होते, बाबांची पाटी कुठे आहे. मी म्हटलं माळ्यावर आहे, काढून देऊ का. नको म्हणाले. तुम्ही यांना लिहा. ऐकत नाही असं दाखवतात, पण तुमचं पत्र दोनदा वाचतात.

तुमचं डोकं काय म्हणतंय? यांना लिहिलं होतंत म्हणे, जड होतं म्हणून.

अशाच आमच्यावर लक्ष ठेवून असा.

तुमची
वहिनी

७ मार्च

ती. दादास,

नमस्कार. माफी मागायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते.

त्या मंगळवारी दुपारी मी एका फोटोमागे पुठ्ठा बसवत होते आणि तू वाचत होतास. तुझा स घसरला. लोकांना कळला नसेल, पण लहानपणी तू चहाच्या डब्यावरची अक्षरं पेल्यात तोंड घालून बातम्यांसारखी मोठ्याने वाचायचास तेव्हापासून मी तो स ऐकते आहे. मग पुढचा शब्द सांडला. मला दाढ आठवली नाही रे. तू लिहिलं होतंस, तरी आठवली नाही. मला बाबांचा घास आठवला. काचवालीने नंबर फिरवून माझ्या हातात फोन दिला. पुन्हा तसंच ऐकू आलं तर पुन्हा तसाच फोन करीन. तुझं नाव धुळीला मिळालं तरी चालेल, तू मिळू नकोस.

वहिनीने मला सगळं कळवलंय. तिच्यावर चिडायचं असेल तर आधी माझ्यावर चीड, ते तुला सवयीचं आहे.

तुला सगळं माहीत होतं हे खरंच आहे. पण ते तू लोकांसाठी माहीत करून घेतलंस. स्वतःचं प्रेशर आलं तेव्हा त्याकडे कानाडोळा केलास. दादा, माझ्या दुकानात रोज फोटो येतात. लग्नातले, शाळेतले, आणि नुकत्याच गेलेल्या माणसांचे. हे शेवटचे लगेच ओळखू येतात, कारण आणणारा काउंटरवर ठेवायच्या आधी तो हाताने पुसतो. फोटोतला माणूस हसत असतो, चांगला धडधाकट दिसत असतो. आणणारे सांगतात, त्यांना काही झालेलंच नव्हतं हो, अगदी ठणठणीत होते. तुझा फोटो मी करणार नाही. सांगून ठेवते, तुझ्यासाठी एकही पट्टी कापणार नाही. तेव्हा तशी वेळ आणू नकोस.

खोकला आला तर खोक. आख्ख्या शहरासमोर खोक. मला खोकणारा दादा चालेल.

दुकानाचं दार हल्ली नीट लागत नाही, सुताराला बोलावलंय. बाकी ठीक.

लोभ मागत नाही, गोळी घेतल्याचं कळव.

तुझी
बारकी

२७ मार्च

चि. बारकीस,

अनेक आशीर्वाद, या वेळी हात न राखता.

गोळी घेतो आहे. नव्या प्रकारची. खोकला नाही. हे एवढं लिहायला मला वीस दिवस लागले, कारण आधी आठवडाभर मी तुझ्यावर रुसलेलो होतो आणि नंतर रुसवा संपला तरी तो कसा संपवायचा ते सुचेना.

जिने चढतो. पहिल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर बसून घ्यावं लागलं आणि आमच्या शिपायाने पाणी आणून दिलं. आता तिसऱ्यापर्यंत जातो, धापा टाकत, पण जातो. संध्याकाळी तुझी वहिनी मला पुलापर्यंत चालवून आणते. ती इतकी भराभर चालते हे मला आत्ता कळलं. इतकी वर्षं एकत्र राहतोय आणि तिची चाल मला ठाऊक नव्हती. वाटेत ती कायकाय सांगते, मी ऐकतो. बातम्या तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त असतात.

सिगरेटचं मात्र वाईट चाललंय. सुटली असं लिहिणार होतो, पण तू खरं विचारतेस. परवा तंत्रज्ञाकडून एक मागून घेतली, अर्धी ओढली आणि मग त्याच्यावरच खेकसलो की दिलीस कशाला. तो बिचारा आता मला बघितलं की पाकीट लपवतो. खर्ज अजून तरी जागेवर आहे. बिनमिठाचे दाणे म्हणजे भिजलेला पुठ्ठा. तुला पुठ्ठ्याची सवय आहे, तुला आवडतील.

तू लिहिलंस त्यावर विचार केला. मला वाटायचं, एकदा माहीत झालं की ते झालंच. सूचना वाचून झाली की माझं काम संपलं. लक्षणं सांगणाऱ्याला लक्षणं कशी होतील, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुम्ही एकटे नाही. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी लोक सगळं जाणून असतात. माहिती दारापर्यंत आलेली असते, घरात घेतलेली नसते.

आता तुझं. तीन फेब्रुवारीच्या पत्रात तू लिहिलं होतंस की संध्याकाळी डोकं जड होतं, मान धरते. मी शहाणपणाने उंच टेबलाचा सल्ला दिला. तुझ्या वहिनीने तुला पुन्हा विचारलं, तर तू मला दुकानाच्या दाराचं लिहिलंस. दार लागत नाही, सुताराला बोलावलंय. डॉक्टरला बोलावलंस का? माझ्या छातीत काय आहे ते तू दोन गावं ओलांडून ऐकलंस. स्वतःचं प्रेशर शेवटचं कधी मोजलंस ते सांग. बारके, बाबा माझ्या एकट्याचे नव्हते.

आठवडाभरात कळवलं नाहीस तर तुझ्या दुकानात ॲम्ब्युलन्स पाठवीन. कशी बोलवायची ते आता मला माहीत आहे.

लोभ दोन्हीकडून सारखा असावा, गोळ्यांच्या बाबतीतसुद्धा.

तुझा
दादा

५ एप्रिल

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. या वेळी आडवी पडूनच घालते आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते खणात टाकलं आणि खूप काम आहे असं स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काचवालीने ॲप्रन काढून खुंटीला अडकवला, माझाही काढला आणि मला कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नेलं. तिथून डॉक्टरांकडे. तुझ्याइतकं नाही, पण आहे. चांगलंच आहे. डॉक्टर म्हणाले, घरात कुणाला होतं का? मी म्हटलं, वडिलांना, भावाला. मग म्हणाले, आणि तुम्ही इतके दिवस काय करत होतात? मी काय सांगणार, भावाला पत्रं लिहीत होते.

मला धक्का बसला, दादा. मी स्वतःला राखणदार समजत होते. चोर माझ्याच घराच्या मागच्या दाराने आत आला होता आणि मी तुझ्या दाराशी काठी घेऊन उभी.

गोळी छोटीशी आहे, पांढरी. वाटलं होतं, तुला इतकं सुनावलंय तर आपण एकही चुकवणार नाही. पण सकाळी दुकान उघडायचं, सुताराचा माल उतरवून घ्यायचा, कुणीतरी दारात उभंच असतं. पाकीट काउंटरवर असतं आणि संध्याकाळी बघते तर त्यावर भुसा साचलेला आणि गोळी आतच. या आठवड्यात असं दोनदा झालं. तुला कोणत्या तोंडाने बोलले तेच कळत नाही. चुकवायची नसते हे मला माहीत आहे, आणि तरी राहते. तुझं कसं होतं ते आता समजलं.

मीठ कमी केलंय. तुझे दाणे पुठ्ठ्यासारखे लागतात हे खरं आहे, पण पुठ्ठा बरा.

माझ्यावर हस, पण दोन्ही बाजूंनी हस, म्हणजे मला काळजी नको.

तुझी
बारकी

१४ एप्रिल

चि. बारकीस,

आशीर्वाद. हसलो, दोन्ही बाजूंनी, तुझ्या वहिनीने तपासून घेतलं.

माझीही या महिन्यात दोनदा राहून गेली. सकाळी बातम्यांची घाई असते, मग चहा, मग कुणीतरी काहीतरी विचारतं, आणि गोळी खिशातच फिरत राहते. हे तुला सांगणार नव्हतो, पण तू सांगितलंस म्हणून सांगतो.

इकडे एक गंमत झाली. त्या मंगळवारनंतर शहरात जो तो एकमेकांना हसून दाखवा म्हणतो. मला वाटलं थट्टा चालली आहे. पण मागच्या आठवड्यात भाजी मंडईत एका बाईने नवऱ्याला गमतीत हसायला लावलं आणि त्याचं तोंड खरंच वाकडं झालेलं होतं. तिने पुढचं काही बघितलं नाही, सरळ दवाखान्यात नेलं. तो बोलतोय, चालतोय. दोघं केंद्रावर मला भेटायला आले होते. इतकी वर्षं बोलायचं काम करतो, पण त्या दोघांना नुसता चहा पाजला.

केंद्रप्रमुखबाई म्हणाल्या, सूचना नव्याने करू या. मी म्हटलं, आता ध्वनिमुद्रण नको, मी रोज सकाळी स्वतः बसून वाचीन. त्यांनी कारण विचारलं, ते मी सांगितलं. त्या जरा घाबरल्या, मग हो म्हणाल्या.

सोमवारपासून सुरू करतो आहे. बातम्यांच्या आधी रेडिओ लाव. हाताशी पेलाभर पाणी ठेव आणि ते गोळ्यांचं पाकीटही. आत्ता जास्त विचारू नकोस.

लोभ सोमवारपर्यंत धर, पुढचं हवेतून कळवतो.

तुझा
दादा

१९ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. घाईघाईने लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

काल सकाळी दुकान उघडलं, रेडिओ लावला, तू सांगितलंस तसं पाणी आणि पाकीट घेऊन बसले. सुतार दाराला रंधा मारत होता, काचवाली काच पुसत होती, एक गिऱ्हाईक मुलीच्या शाळेतला फोटो घेऊन उभं होतं. तू सुरू झालास. हसा, हात वर करा, बोला, वाट बघू नका. सगळं तेच. मला वाटलं, एवढंच होतं की काय.

मग तू म्हणालास की हे सगळं मला पाठ होतं आणि तरी माझी गोळी राहत होती, कारण पाठ असणं वेगळं आणि घेणं वेगळं. तुमच्याही घरी एखादी गोळी अशी राहत असेल. डॉक्टरांनी दिलेली असेल तर आत्ता उठा आणि घ्या. त्रास होत असेल तर बंद करू नका, त्यांना सांगा. मी माझी आता घेतो आहे. तुमची होईपर्यंत मी थांबतो.

आणि तू थांबलास.

सुताराचा रंधा थांबला. गिऱ्हाईक रेडिओकडे बघायला लागलं. काचवाली म्हणाली, बंद पडला वाटतं, आणि बटणाकडे हात नेला. मी तिचा हात धरला. त्या शांततेत आधी पाकीट फाटल्याचा आवाज आला, मग तुझ्या पाणी पिण्याचा, मग पेला टेबलावर ठेवल्याचा. दादा, इतक्या वर्षांत तू हवेला पाडलेलं हे पहिलं भोक. मी माझी गोळी जिभेवर ठेवली आणि तुझ्याबरोबर गिळली. समोरच्या गिऱ्हाइकाने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, आईला फोन करतो असं, आणि फोटो काउंटरवर तसाच ठेवून ते बाहेर गेलं.

मग तू म्हणालास, झाली? चला, आता बातम्या. आणि तुझा स अगदी जागच्या जागी होता.

मी रडले. सुताराला वाटलं दाराचं काही चुकलं. दार छान लागतंय आता, तेही सांगायचं राहिलं.

आज सकाळी पुन्हा तेच झालं. पाकिटावर भुसा नाही. वहिनीला सांग की पुढच्या महिन्यात येते आहे, पुलापर्यंत मलाही चालव. आणि बाबांची पाटी माळ्यावरच राहू दे.

लोभ रोज असावा, त्याच वेळेला.

तुझी
बारकी